क्योटोत पहिली सकाळ फुशिमी इनारीला द्या

जपानमधल्या क्योटोला जाणार असाल तर फुशिमी इनारी देवस्थान सकाळी सातच्या आत गाठा. ते चोवीस तास उघडं असतं आणि तिकीट नाही. काचेच्या आणि पोलादाच्या भव्य क्योटो स्टेशनातून जेआर (जपान रेल्वे) नारा लाइनची लोकल पकडा. दुसरंच स्टेशन इनारी, आणि बाहेर पडलात की समोरच देवस्थान. मात्र फास्ट गाडीत बसू नका, ती तिथे थांबत नाही.

दहानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. पहाटे मात्र शेंदरी कमानींच्या बोगद्यात फक्त आपल्याच पावलांचा आवाज येतो. बहुतेक जण सुरुवातीलाच फोटो काढून परततात. तुम्ही निदान डोंगरवाटेवरच्या योत्सुत्सुजी या चौकापर्यंत चढा. अर्धा-पाऊण तास लागतो, पण तिथून खाली पसरलेलं शहर दिसतं. उतरताना कमानींची मागची बाजू जरूर पाहा: देणगीदाराचं नाव आणि तारीख काळ्या अक्षरांत कोरलेली असते. इनारी हा भाताचा आणि व्यापाराचा देव, त्यामुळे त्यांत कंपन्यांची नावं भरपूर.

नंतर क्योटोत फिरताना सिटी बसमध्ये मागच्या दारानं चढायचं आणि उतरताना पुढे पैसे द्यायचे.

शाकाहारी मंडळींनी जपायला हवं. साध्या मिसो सूपमध्येही (आंबवलेल्या सोयाबीनचं सूप) बहुधा माशाचा अर्क, म्हणजे दाशी, असतो. त्यापेक्षा देवळांच्या परिसरात मिळणारं शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण, शोधा. तिथे बूट काढून आत जायचंय, तेव्हा मोजे धड घाला.