वजनाची वही: काय लिहायचं, कधी मोजायचं, कुठं चुकतं

वजन कमी करायला निघालेला माणूस पहिल्याच आठवड्यात वजनकाट्यावर रुसतो. रविवारी तांबडा-पांढरा झाला, सोमवारी काटा किलोभर वर गेला, आणि मंगळवारी वही बंद. खरं तर त्या किलोत चरबी जवळजवळ नसतेच. एक किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. एका जेवणात ते होत नाही. रश्श्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं, भाकरी-भातापासून बनलेली साखर शरीरात साठते तेव्हा दर ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी सोबत साठतं, आणि खाल्लेलं अन्न अजून पोटातच असतं. दोन-तीन दिवसांत हे वजन आपोआप उतरतं.

म्हणून वहीत रोजचा आकडा लिहायचा, पण निर्णय आठवड्याच्या सरासरीवर घ्यायचा. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत वजन करा. काटा फरशीवर एकाच जागी ठेवा. सतरंजीवर किंवा हलणाऱ्या फरशीवर तो चुकीचं वजन दाखवतो. समजा सोमवार ते रविवार आकडे असे आले: ८३.३, ८२.८, ८२.४, ८२.२, ८२.०, ८१.९, ८२.१. बेरीज ५७६.७, भागिले सात, सरासरी ८२.४. पुढच्या सोमवारी ८३.० दिसले तर कालच्यापेक्षा ९०० ग्रॅम वाढले असं वाटेल. पण त्या आठवड्याची सरासरी ८२.० आली, तर तुम्ही ४०० ग्रॅमनं उतरलेले आहात. आठवड्याला अर्धा किलो ही चांगली गती आहे. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले तरी त्यातलं बरंचसं पाणीच असतं, तेवढ्यावर पुढचा हिशेब बांधू नका. बायकांनी पाळीच्या आसपासचा आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावा.

दर पंधरा दिवसांनी कंबर मोजा. शिंप्याकडचा टेप चालतो, फक्त तो जुना होऊन ताणलेला नसावा. सगळ्यात खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध टेप धरायचा, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. काटा अडलेला असताना कंबर उतरत असेल, तर काम चालू आहे. फोटो महिन्यातून एकदा पुरे: तीच भिंत, तोच उजेड, तेच कपडे, समोरून आणि बाजूनं.

आता खाण्याची नोंद. इथं बहुतेकांची वही खोटी बोलते, कारण ती रात्री आठवून लिहिलेली असते. खाण्याआधी किंवा लगेच नंतर चार गोष्टी लिहा: वेळ, पदार्थ, माप, आणि त्या वेळी खरी भूक होती का. ‘भाकरी’ एवढं लिहून उपयोग नाही. एका भाकरीला पन्नास ग्रॅम पीठ लागतं की ऐंशी, हे एकदा वजन करून बघा, मग नुसता आकडा लिहिला तरी चालतं. चहाचे कप आणि त्यातले साखरेचे चमचे वेगळे मोजा. कट्ट्यावर उभ्यानं प्यायलेला म्हशीच्या दुधाचा ग्लासही लिहायचा, पाव लिटरला अडीचशेच्या पुढं कॅलरी असतात.

सगळ्यात जास्त लक्ष तेलावर द्या, कारण ते ताटात दिसत नाही. तेलाचा डबा फोडला की त्यावर तारीख टाका. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल जातंय, म्हणजे साधारण ३४० कॅलरी. तेच साडेतीन लिटरवर आणलं तर माणशी रोज शंभर कॅलरी वाचतात आणि जेवणाची चव फारशी बदलत नाही. फोडणीला बाटलीतून थेट ओतू नका, चमच्यानं मोजून घ्या. पहिल्या महिन्यात तीन चमच्यांचे अडीच करा, मग दोन. एकदम अर्धं केलं की घरातलीच माणसं वैतागतात आणि आठवड्यात सगळं मूळ पदावर येतं.

मिसळ बंद करायची गरज नाही. कट वेगळ्या वाटीत मागा, वरचा तवंग चमच्यानं काढा, फरसाण निम्मं घ्या, मटकी जास्त मागा. ब्रेडचे स्लाइस मात्र आधीच मोजून घ्या, कारण कट संपेपर्यंत ब्रेड आणि ब्रेड संपेपर्यंत कट असं चालूच राहतं. पांढरा रस्सा रंगानं सौम्य दिसतो, पण त्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू असतात. म्हणून वाट्या त्याच्याही मोजायच्या. यात्रेच्या जेवणाला गेलात की आग्रह होणारच. “वहिनी, मटण वाढा, भाकरी बास” असं पहिल्या वाढपालाच सांगितलं तर कुणी मनाला लावून घेत नाही.

सवय लावताना ती रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधा. “रोज चालणार” हे वहीत टिकत नाही. “मुलांना शाळेत सोडलं की तिथूनच रंकाळ्यावर अर्धा तास” हे टिकतं. जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस हा बेत मोडतो, म्हणून पावसाळ्याचा पर्याय मे महिन्यातच लिहून ठेवा: जिना, किंवा घरातल्या घरात दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या. आठवड्यातून दोनदा बैठका आणि जोर घाला, नाहीतर चरबीसोबत स्नायूही उतरतात. जमत नसेल तर भिंतीला हात टेकून जोर आणि खुर्चीवरून उठ-बस, दहाचे दोन सेट. लंडनमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लोकांना १८ ते २५४ दिवस लागले, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्यानं त्यात फारसं बिघडलं नव्हतं. तेव्हा चुकलेल्या दिवशी रिकामी फुली मारा, दुसऱ्या दिवशी दुप्पट चालू नका.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचाराच. डोस तोच राहिला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गरोदरपणात वजन उतरवायचं नसतं.

तीन-चार आठवडे सरासरी हललीच नाही, तर खाणं आणखी कमी करण्याआधी एक आठवडा पुन्हा सगळं मोजून लिहा. बहुतेक वेळा तेल किंवा चहा परत वाढलेला सापडतो. तो सापडला नाही तर हलक्या झालेल्या शरीराला आता कमी लागतंय एवढंच: एक भाकरी अर्धी करा किंवा चालणं पंधरा मिनिटांनी वाढवा, दोन्ही एकदम नको.

ठरवलेलं वजन गाठल्यावर वजन आठवड्यातून एकदाच करा, पण वहीच्या पहिल्या पानावर त्याहून दोन किलो वरचा आकडा लाल पेनानं लिहून ठेवा. लागोपाठ दोन आठवडे वजन त्या रेषेच्या वर दिसलं, की त्याच दिवसापासून तेलाचा चमचा आणि खाण्याच्या नोंदीचे चार रकाने पुन्हा सुरू.