आर्डुइनोवर निगेटिव्ह व्होल्टेज मोजताय? या चुका टाळा

आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या अ‍ॅनालॉग पिनला ० ते ५ व्होल्ट एवढंच कळतं. तिच्यावर −३ व्होल्ट आले की रीडिंग ० दिसतं, आणि ते पाहून बरेच जण सिग्नलच येत नाही असं समजून वायरी तपासत बसतात. तोवर पिनच्या आतल्या संरक्षक डायोडमधून करंट वाहत असतो. उनोवरच्या एटमेगा३२८पी चिपच्या डेटाशीटमध्ये पिनवरची खालची कमाल मर्यादा −०.५ व्होल्ट दिली आहे. त्यामुळे थेट जोडणी हीच पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक.

सिग्नलला डायोड लावून निगेटिव्ह भाग अडवणं हाही उपाय नव्हे. चिप वाचते खरी, पण जे मोजायचं होतं तेच निघून जातं.

खरा उपाय म्हणजे सिग्नल वर सरकवणं. ±१० व्होल्टसाठी तीन रेझिस्टर पुरतात: सिग्नलपासून पिनपर्यंत २० किलोओहम, पिनपासून ५ व्होल्टला १० किलोओहम आणि पिनपासून ग्राउंडला २० किलोओहम. आता −१० ला पिनवर ०, शून्याला २.५ आणि +१० ला ५ व्होल्ट मिळतात. सूत्र असं: (रीडिंग × ५ ÷ १०२४ − २.५) × ४. सिग्नल आणि बोर्डचं ग्राउंड मात्र एकच हवं.

इथे एक चूक फार फसवी आहे. सूत्रात ५ लिहिलं, पण यूएसबीवरून प्रत्यक्षात ४.७५ व्होल्टच येत असतील तर? इनपुट ग्राउंडला लावून पाहिलं तर शून्य अगदी बरोबर दिसतं, कारण सरकवणारं व्होल्टेज आणि एडीसीचा (चिपमधल्या, व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचा) संदर्भ, म्हणजे ज्याच्या तुलनेत तो मोजतो ते व्होल्टेज, दोन्ही एकत्रच घसरतात. मग सर्किटवर विश्वास बसतो. पण खऱ्या ८ व्होल्टला रीडिंग ८.४ च्या आसपास येतं. म्हणून नुसतं शून्य तपासून थांबू नका. मल्टिमीटरने ५ व्होल्टची पिन मोजा, तोच आकडा सूत्रात घाला आणि एखादं ठाऊक असलेलं व्होल्टेज देऊन पडताळा. याउलट, वरचा १० किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टला आणि एडीसीचा संदर्भ दुसरीकडून घेतला, तर शून्यही हलायला लागतं. दोन्ही एकाच ठिकाणाहून घ्या.

१ टक्क्याचे रेझिस्टर वापरले तरी शून्य ०.१ व्होल्टपर्यंत चुकू शकतं. इनपुट ग्राउंडला लावून येणारं रीडिंग नोंदवा आणि तेच वजा करा.

इनपुट मोकळं असताना +३.३३ व्होल्ट दिसले तर घाबरू नका, या सर्किटमध्ये तसंच दिसतं. कनेक्शन सुटलंय हे त्यावरून लगेच ओळखता येतं.

करंट वाचवायला मेगाओहमचे रेझिस्टर लावले की रीडिंग डळमळतं आणि आधीच्या चॅनलचं (अ‍ॅनालॉग पिनचं) व्होल्टेज पुढच्यात मिसळतं. या चिपचा एडीसी १० किलोओहमपर्यंतच्या स्रोतासाठी बनवलेला आहे. वरच्या सर्किटचा स्रोत रेझिस्टन्स ५ किलोओहम पडतो.

उत्तर ६५,००० च्या घरात आलं तर दोष वायरिंगचा नाही. अनसाइन्ड इंटीजरमध्ये (ज्यात निगेटिव्ह आकडा बसत नाही) ५०० मधून शून्याचं रीडिंग ५१२ वजा केलं की ६५५२४ मिळतात. साधा इंट किंवा फ्लोट वापरा.

एडीएस१११५ ही वेगळी एडीसी चिप घेतल्यावर निगेटिव्हचा प्रश्न सुटला, हा गैरसमज मला वारंवार दिसतो. त्याला दोन पिनांमधला फरक निगेटिव्ह चालतो, पण प्रत्येक पिन ग्राउंडच्या ०.३ व्होल्टपेक्षा खाली जाता कामा नये. तेव्हा रेझिस्टर तिथेही लागतातच.

फक्त −१२ व्होल्टची रेल (सप्लायची लाइन) तपासायची असेल, तर एलएम३५८ हा ऑप-अँप इन्व्हर्टिंग (चिन्ह उलटवणाऱ्या) जोडणीत सिंगल सप्लायवरही चालतो. पण ५ व्होल्ट सप्लायवर त्याचं आउटपुट साधारण ३.५ व्होल्टच्या वर जात नाही. गेन (किती पट करायचं ते) त्या हिशेबाने ठेवा, नाहीतर मोठी व्होल्टेजेस सगळी एकसारखीच दिसतील.

घरातलं २३० व्होल्ट या पद्धतीने कधीही मोजू नका. तिथे आयसोलेशन देणारा ट्रान्सफॉर्मर लागतोच.