आधी डिलिव्हरीची तारीख, मग मशीन

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) छोटं युनिट चालवणाऱ्यांनो, शेड्यूल नेहमी उलटं लावा, म्हणजे माल पोचायच्या तारखेपासून मागे मोजत या. समजा 18 जानेवारीला चाकणला पार्ट द्यायचेत, तर 16 ला गाडी निघाली पाहिजे, पण 14-15 उत्तरायण, सगळे पतंग उडवायला गच्चीवर, त्यामुळे प्लेटिंगवरून (पार्टवर धातूचा मुलामा चढवून) माल 13 लाच परत हवा, त्याला तीन दिवस धरा, म्हणजे मशीनिंग 9 ला संपलंच पाहिजे. सगळा घोळ प्लेटिंगवाल्याकडेच होतो, आमची एक अख्खी लॉट तिथेच अडकली होती! तेव्हापासून मी माल पाठवायच्या दोन दिवस आधी त्याला फोन करून टाकीत जागा आहे ना विचारतो, आणि लॉट एकदम न देता दोन भागात देतो, पहिला आला की लगेच चेकिंग आणि पॅकिंग सुरू.

ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन बिल, गाडी नंबर पक्का झाल्यावरच पूर्ण करा. त्याची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस मिळते, चाकण पाचशेच्या वर, म्हणजे तीन दिवस. दिवाळीत लाभपाचमपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) कामगार येत नाहीत, ते गिऱ्हाईक पार्टीला ऑर्डर घेतानाच सांगून टाका.