ड्रोन उडवायचाय? आधी काट्यावर ठेवा

आमच्याकडे लग्नाचं शूटिंग करणारी पोरं आधी ड्रोन घेतात आणि मग नियम विचारत फिरतात. त्यात गोव्यातल्या जवळपास प्रत्येक वाड्यावरचं कोणी ना कोणी पोर्तुगालला, ब्रिटनमधल्या स्विंडनला नाहीतर आखातात असतंच. त्यांच्याकडे जाताना ड्रोनही बॅगेत टाकावासा वाटतो. पण इथलं प्रमाणपत्र तिकडे चालत नाही आणि तिकडचं इथे. म्हणून क्रमाने जाऊ.

पहिलं काम, वजन. बॅटरी, पंखे, गार्ड, मेमरी कार्ड असं सगळं लावून ड्रोन दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. माझ्या छोट्या ड्रोनच्या खोक्यावर २४९ ग्रॅम लिहिलंय. पंख्यांचे गार्ड लावले आणि काटा थेट २५०च्या पुढे गेला. एवढ्यानेच ड्रोनचा वर्ग बदलतो. भारतातल्या २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो आणि २५ किलोपर्यंत स्मॉल. नॅनोला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेखातर उडवलात तरी लागत नाही, पण नवरीच्या बापाकडून आगाऊ रक्कम घेतलीत की लागतं.

दुसरं, प्रशिक्षण. वय १८ ते ६५ आणि दहावी पास एवढं पुरतं. २०२३पासून पासपोर्टचीही सक्ती नाही. संस्था मात्र डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेलीच हवी. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: मान्यता आजही चालू आहे का, आणि प्रमाणपत्र कोणत्या वर्गाच्या ड्रोनसाठी मिळणार. घरबसल्या व्हिडिओ दाखवून ‘सर्टिफिकेट’ देणारे कोर्स भिंतीवर टांगायला ठीक. खऱ्या कोर्समध्ये वर्ग, सिम्युलेटर आणि मग मैदान असतं. मैदानावर भल्याभल्यांचा घाम निघतो तो आठचा आकडा काढताना. ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, बोटं सवयीने भलतीकडे जातात आणि ड्रोन माडाकडे निघतो. घरी सिम्युलेटरवर हेच शंभरदा करा. मिळालेलं प्रमाणपत्र १० वर्षं चालतं.

ड्रोनची नोंदणी वेगळी. १०० रुपये शुल्क भरून त्याला स्वतःचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. नॅनो सोडून बाकीच्यांना थर्ड पार्टी विमाही हवा.

तिसरं, नकाशा. गोव्यात खरी अडचण इथेच आहे. एवढ्याशा राज्यात दोन विमानतळ, त्यातला दाबोळी नौदलाच्या तळावर. सरकारच्या ड्रोन नकाशावरच्या हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं; विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त २०० फूट. ८ किलोमीटरच्या आत मात्र जमिनीपासूनच परवानगी हवी. दुसरा, मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याचा बराच भाग या वर्तुळात गेला. वास्को, बोगमाळो तर आधीपासूनच आत. नॅनोलाही यातून सूट नाही. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच नाही. जुन्या गोव्याची चर्चेस आणि अभयारण्यं यांसाठी त्या-त्या खात्याला विचारा. ‘शॅकवाला ओळखीचा आहे’ ही परवानगी नव्हे. दंड एक लाखापर्यंत होऊ शकतो.

आता परदेश. युरोपीय संघात एक सोय छान आहे: एका देशात परीक्षा दिली की सगळ्या सदस्य देशांत चालते. बाहेरून येणाऱ्याने ज्या देशात पहिल्यांदा उडवणार तिथे ऑपरेटर म्हणून नोंदणी करायची. कॅमेरा असेल तर २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनलाही ही नोंदणी लागते. मूळ परीक्षा ऑनलाइन, ४० प्रश्न, ७५ टक्क्यांना पास, ५ वर्षं वैध. पोर्तुगालमध्ये हवेतून फोटो काढायला हवाई प्राधिकरणाची वेगळी परवानगी घ्यावी लागते. लिस्बनला उतरून हे कळलं तर सुट्टी संपेपर्यंत कागदच फिरवत बसाल.

ब्रिटन संघाबाहेर पडल्यामुळे युरोपचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. तिथे उडवणाऱ्याचा फ्लायर आयडी वेगळा आणि ड्रोनमालकाचा ऑपरेटर आयडी वेगळा. जानेवारी २०२६पासून फ्लायर आयडी लागण्याची वजनमर्यादा १०० ग्रॅमवर आणली आहे, म्हणजे आपला ‘नॅनो’ तिथे सुटत नाही. परीक्षा फुकट आहे, ४० पैकी ३० बरोबर हवेत.

अमेरिकेत हौशींना ट्रस्ट नावाची फुकट ऑनलाइन चाचणी पुरते. कमाई करायची तर पार्ट १०७ नावाच्या नियमाखालची परीक्षा: केंद्रावर जाऊन ६० प्रश्न, ७० टक्के, शुल्क १७५ डॉलर, किमान वय १६. प्रत्यक्ष उडवून दाखवायची परीक्षाच नाही! आपल्याकडे मैदानावर घाम गाळलेल्याला हे जरा टोचतं.

आखातात आधी विचारल्याशिवाय ड्रोन नेऊच नका. अमिरातीने जानेवारी २०२२मध्ये खासगी ड्रोनवर बंदी घातली होती. ती पुढे सैल केली, पण नोंदणी आणि परवानगी लागतेच.

निघताना. सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकू नका. १०० वॅट-तासांपर्यंतच्या हातातल्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून न्या. आणि जातानाच कस्टम्सकडून ड्रोनसाठी निर्यात प्रमाणपत्र मागून घ्या. फेब्रुवारी २०२२पासून तयार ड्रोन परदेशातून आणायला बंदी आहे. येताना ‘हा माझाच, मी इथूनच नेला होता’ हे पटवायला तोच कागद कामाला येतो. दुबईत स्वस्त मिळतोय म्हणून तिथून नवा घेऊन येऊ नका.