क्लाउड सर्व्हरचे बिल वाढते कुठे? या चुका टाळा

क्लाउड सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारा संगणक, घेताना बहुतेक जण तासाचा दर पाहतात, त्याला महिन्याच्या सरासरी ७३० तासांनी गुणतात आणि खर्चाचा अंदाज आला असे समजतात. गुणाकार बरोबर असतो. परंतु तो दर प्रोसेसर आणि मेमरीपुरताच असून डिस्क, आयपी पत्ता (इंटरनेटवर सर्व्हर ओळखणारा क्रमांक) आणि बाहेर जाणारा डेटा यांची आकारणी बहुधा स्वतंत्रपणे होते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे सर्व्हर बंद केला की बिलही थांबते, हा. घराला कुलूप लावले म्हणून भाडे चुकत नाही, तसेच हे आहे. ॲमेझॉनच्या ईसी२ या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या सेवेत बंद मशीनचे (सर्व्हरचे) भाडे थांबते, पण तिला जोडलेल्या ईबीएस या वेगळ्या आकारणीच्या डिस्कचे चालूच राहते. मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतून शटडाउन केल्यास मशीन बंद दिसते खरी, तरी अझूरच्या पोर्टलवरून ती ‘डीअलोकेट’ करेपर्यंत, म्हणजे तिच्यासाठी राखलेली जागा सोडेपर्यंत, तिचे भाडे लागते. आणि डिजिटलओशन या कंपनीकडे ड्रॉपलेट (तिथला सर्व्हर) बंद ठेवला तरी तो नष्ट करेपर्यंत नेहमीचीच आकारणी होते. मशीन काढून टाकल्यावरही नंतर जोडलेल्या डिस्क आणि जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवलेल्या प्रती) मागे राहू शकतात, म्हणून त्यांच्या याद्या प्रत्येक रीजनमध्ये (कंपनीच्या डेटा सेंटरच्या भौगोलिक विभागात) जाऊन तपासाव्यात.

आयपी पत्त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ॲमेझॉन १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ (जुन्या, प्रचलित पद्धतीच्या आयपी) पत्त्यासाठी, तो वापरात असो वा नसो, तासाला ०.००५ डॉलर आकारते, म्हणजे महिन्याला सुमारे ३.६५ डॉलर. अगदी लहान मशीनच्या बाबतीत पत्ताच मशीनपेक्षा महाग पडतो!

इंटरनेटवरून आत येणारा डेटा फुकट असतो, बाहेर जाणारा नसतो. ॲमेझॉनवर दरमहा पहिले १०० जीबी मोफत असले, तरी पुढचा दर रीजननुसार बदलतो आणि मुंबई रीजनचा दर अमेरिकेतील व्हर्जिनिया रीजनपेक्षा जास्त आहे. त्यामुळे अमेरिकेचे दर पाहून मुंबईचे अंदाजपत्रक करू नये. एकाच रीजनमधील दोन झोनमध्ये (स्वतंत्र डेटा सेंटर गटांमध्ये) होणाऱ्या देवाणघेवाणीलाही सहसा दोन्ही बाजूंनी पैसे पडतात.

ईसी२ मधील टी३ प्रकारचे मशीन घेणाऱ्यांनी ‘अनलिमिटेड’ हा पर्याय तपासावा. तो मुळातच सुरू असतो आणि प्रोसेसरचा सरासरी वापर ठरलेल्या पातळीच्या वर राहिल्यास जादा आकार लागतो.

बिल अचानक वाढल्यास ॲमेझॉनच्या कॉस्ट एक्सप्लोरर या खर्च तपासण्याच्या साधनामध्ये ‘सर्व्हिस’ऐवजी ‘युसेज टाइप’नुसार वर्गवारी करावी, कारण डिस्क, नॅट गेटवे (खासगी सर्व्हरना इंटरनेटशी जोडणारी सोय) आणि बराचसा डेटाखर्च ‘ईसी२-अदर’ या एकाच मोघम नावाखाली दडलेला असतो. बजेट अलर्ट (खर्च ठरलेल्या रकमेवर गेल्यास मिळणारी सूचना) जरूर लावावा. मात्र तो मूळ स्वरूपात केवळ ईमेल पाठवतो, कोणतेही मशीन थांबवत नाही. एक किंवा तीन वर्षांच्या करारावर मिळणारी सवलत मोठी असली, तरी निदान दोन-तीन महिन्यांचा प्रत्यक्ष वापर पाहिल्याशिवाय ती घेऊ नये, कारण मशीन वापरले नाही तरी कराराची रक्कम भरावीच लागते.