आधी वेरूळ, मग अंगकोर: कंबोडियातली देवळं वाचायची कशी

अंगकोर वाट बघून आलेल्या बऱ्याच मंडळींच्या फोनमध्ये दोनच चांगले फोटो असतात: तळ्यात पडलेलं सूर्योदयाचं प्रतिबिंब आणि झाडाच्या मुळांनी विळखा घातलेलं देऊळ. मराठवाड्यातल्या माणसानं एवढ्यावर परत येऊ नये. तिथल्या भिंतींवर जे कोरलंय त्यातलं निम्मं आपण शाळेच्या सहलीपासून पाहत आलोय. म्हणून तयारीची सुरुवात वेरूळपासून करा.

जाण्याआधी एक अख्खा दिवस फक्त 16 नंबरच्या लेण्याला, म्हणजे कैलासला द्या (वेरूळ मंगळवारी बंद असतं). तीन गोष्टी पाहून ठेवा. मुख्य देवळाच्या दक्षिण अंगाला रावण कैलास हलवतोय ते शिल्प. त्याच देवळाच्या उत्तर बाजूचा महाभारताचा आणि दक्षिण बाजूचा रामायणाचा पट्टा; एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गोष्ट कशी सरकते ते बोट न लावता, नजरेनं वाचा. तिसरी गोष्ट दिशा. कैलास पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे दर्शनी भागावर चांगलं ऊन दुपारनंतरच पडतं. अंगकोर वाटही पश्चिमाभिमुख आहे. हे एवढं ध्यानात ठेवलं तरी तिथलं वेळापत्रक निम्मं बसतं.

फरकही समजून घ्या. कैलास आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात एकाच कातळातून, वरून खाली कोरत आणला. अंगकोर वाट बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजानं रचून बांधलं. आत जांभा, बाहेर वालुकाश्म, आणि तो दगड कुलेन डोंगरातून आणलेला. भिंतींवर दगडांचे सांधे दिसतात आणि कोरीवकाम त्या सांध्यांवरून सलग पुढे जातं.

आता प्रवास. संभाजीनगर, जालन्याच्या लोकांना मुंबई सोयीची. नांदेड, लातूरकरांनी हैदराबादचाही विचार करावा. पुढे बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे सिएम रीप, म्हणजे अंगकोरजवळचं गाव. सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण मग मधल्या देशात सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं, त्यासाठी त्या देशात शिरायची परवानगी लागते आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही. थायलंडमधून रस्त्यानं सीमा ओलांडायचा बेत करू नका; 2025 मध्ये या दोन देशांत सीमेवर लढाई झाली आहे. तारखा ठरवण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा. पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक हवा आणि ई-व्हिसा कंबोडिया सरकारच्याच संकेतस्थळावरून काढा. तसल्याच नावाची खासगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे घेतात. सिएम रीपचं नवं विमानतळ ऑक्टोबर 2023 पासून सुरू आहे आणि ते गावापासून तासाभराच्या अंतरावर आहे. जुन्या माहितीवर विसंबून 'हॉटेल विमानतळाजवळच आहे' असं समजू नका. घड्याळ दीड तास पुढे करा.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला निवडा. आपल्याला उन्हाची सवय आहे, हे खरं. पण आपलं ऊन कोरडं. तिथे घाम वाळतच नाही, त्यामुळे 32 अंशांतही माणूस लवकर थकतो. दर माणशी दिवसाला तीन लिटर पाणी आणि मीठ-साखरेच्या पुड्या ठेवा. एप्रिल टाळाच.

तिकीट देवळाच्या दारात मिळत नाही. ते अधिकृत तिकीट केंद्रावर किंवा त्यांच्या संकेतस्थळावर घ्यायचं, त्यावर तुमचा फोटो असतो. 2017 पासून दर असे आहेत: एका दिवसाचं 37 डॉलर, तीन दिवसांचं 62, सात दिवसांचं 72. तीन दिवसांचं तिकीट दहा दिवसांत कधीही वापरता येतं, म्हणून तेच घ्या. मध्ये एक दिवस विश्रांती घेता येते. बारा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, मात्र वय दाखवायला पासपोर्ट जवळ हवा. केंद्रावर संध्याकाळी पाचनंतर तिकीट घेतलं तर ते दुसऱ्या दिवसापासून धरलं जातं आणि त्याच संध्याकाळी सूर्यास्त बघायला सोडतात. डॉलर कोरे आणि छोटे न्या. किंचित फाटलेली नोटही दुकानदार परत करतो. सुटे पैसे रियेलमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात मिळतात. साधारण चार हजार रियेलचा एक डॉलर.

पहिल्या दिवशी दुपारी अडीचला अंगकोर वाटला पोहोचा. खंदकावरचा रस्ता ओलांडून, पश्चिमेच्या दारातून आत आलात की थेट मधल्या शिखराकडे धावू नका. खालच्या ओवरीत उजवीकडे वळा. आपला पाय सवयीनं डावीकडे जाईल, कारण प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवायचा असतो. इथे शिल्पपटांचा क्रम उलटा आहे. प्रदक्षिणा घातली तर गोष्टही उलटी लागते.

उजवीकडे वळल्यावर पहिलाच पट कुरुक्षेत्राचा, सुमारे 49 मीटर लांब. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, आणि मध्ये गर्दी. शरपंजरी भीष्म वरच्या अंगाला शोधा. अर्जुनाच्या रथावर चार हातांचा कृष्ण आहे. कोपऱ्यावरून दक्षिण ओवरीत आलात की सूर्यवर्मन राजाची मिरवणूक, आणि तिच्यापुढे यम, चित्रगुप्त, स्वर्ग आणि नरक. एवढ्याला दोन तास लागतात. तिरपं ऊन पश्चिमेच्या खांबांमधून आत येतं तेव्हा कोरलेल्या रेषा उठून दिसतात. भर दुपारी तेच सपाट वाटतं. हात लावू नका. शिल्पांचे काही भाग काळे, तुळतुळीत झालेत ते पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हात फिरवल्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी सूर्योदय. पहाटे साडेचारला गावातून निघा, टॉर्च घ्या. दर्शनी रस्त्याच्या डाव्या हाताचं तळं प्रतिबिंबासाठी चांगलं. सूर्य वर आला की गर्दी नाश्त्याला पांगते, आणि हीच वेळ कामाची. सरळ पूर्वेच्या ओवरीत जा, तिथे समुद्रमंथन आहे: 92 असुर, 88 देव, मध्ये विष्णू, त्याच्या खाली कूर्म, वर अप्सरा. सकाळचं ऊन नेमकं याच भिंतीला मिळतं. त्यानंतर मधल्या शिखरावर चढा. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर वर सोडत नाहीत, अंगावर टाकलेली ओढणी चालत नाही. बौद्ध उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवशी वरचा मजला बंद असतो, तेव्हा पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही अष्टम्या बघूनच तारीख ठरवा. उरलेल्या दिवसात सातव्या जयवर्मन राजाची बायोन आणि ता प्रोह्म ही देवळं करा. बायोनच्या चेहऱ्यांचे फोटो सगळेच काढतात. बाहेरच्या ओवरीतला बाजार, स्वयंपाक आणि कोंबड्यांची झुंज चुकवू नका. मुळांच्या विळख्यातल्या ता प्रोह्मची डागडुजी आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्यानं केलेली आहे.

तिसरा दिवस बांतेय स्रेईचा. इसवी सन 967 मधलं, गुलाबी वालुकाश्माचं, मुख्य समूहापासून दूर असलेलं हे देऊळ आकारानं लहान आहे. कैलासची उंची डोळ्यांत असेल तर क्षणभर निराशा होते. जवळ जा. दार साडेसातला उघडतं, तेव्हाच पोहोचा, नऊनंतर बसगाड्या येतात. पूर्वेकडून आत आल्यावर आतल्या आवारात डाव्या हाताला जी छोटी इमारत आहे, तिच्या तुमच्याकडे तोंड केलेल्या माथ्यावर तोच आपला रावण आहे. इथे कैलास पायऱ्यापायऱ्यांचा, वर शंकराला बिलगलेली उमा, खाली पळापळ करणारे प्राणी. वेरूळचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि दोन्ही शेजारी धरून बघा. त्याच इमारतीच्या मागच्या माथ्यावर मदनदहन, तर उजव्या हाताच्या इमारतीच्या मागच्या माथ्यावर कंसवध.

टुकटुकवाल्याशी (रिक्षावाल्याशी) बोलताना 'लहान फेरी' की 'मोठी फेरी' (देवळांचे ठरलेले दोन मार्ग), सूर्योदयाचं भाडं वेगळं का, आणि बांतेय स्रेईचं जादा किती, हे तिन्ही निघण्याआधीच ठरवा. शाकाहारी लोकांची खरी अडचण मासळीच्या पाण्याची, म्हणजे फिश सॉसची. ते भाजीतही पडतं. म्हणून 'मांस नको, मासा नको, मासळीचं पाणीही नको' असं तिथल्या ख्मेर भाषेत हॉटेलवाल्याकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद दाखवत चला. धपाटे दोन दिवस टिकतात, दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी त्याहून जास्त. मात्र देवळाच्या आवारात डबा उघडू नका; तिथली माकडं हातातून ओढून नेतात, आणि चावलं तर रेबीजची लस लगेच घ्यावी लागते.