युरोपची बातमी उलगडत नसेल तर चारशे वर्षांपूर्वीचा एक प्रवेश वाचा

मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षनिर्यातीची कागदपत्रं बघते. हंगामात आमचे कंटेनर रॉटरडॅमला जातात, म्हणून युरोपच्या बातम्या रोज वाचाव्याच लागतात. निर्वासित, महागाई, ‘बाहेरच्यांना हाकला’ म्हणणारे मोर्चे. शब्द कळायचे, माणसं दिसायची नाहीत. ती मला सोळाव्या-सतराव्या शतकातल्या साहित्यात भेटली. आता दर रविवारी गंगापूर रोडला एका मैत्रिणीच्या घरी आम्ही पाचजणी हेच वाचतो. तुम्हालाही करून बघता येईल.

अख्खं पुस्तक घेऊन बसू नका. एक बातमी आणि एक प्रवेश, एवढंच घ्या. समजा बातमी २०१५ ची आहे: त्या वर्षी दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रमार्गे युरोपात पोचली. तिच्याशेजारी ‘सर थॉमस मोअर’ या नाटकातला दंगलीचा प्रवेश ठेवा. हे नाटक १६०० च्या आसपास अनेक हातांनी लिहिलं गेलं. या प्रवेशाची पानं शेक्सपियरच्या हस्ताक्षरातली असावीत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. विषय आहे १ मे १५१७ ची लंडनमधली परदेशी कारागिरांविरुद्धची दंगल; मोअर हा ती शमवायला आलेला शहराचा अधिकारी. आधुनिक स्पेलिंगची प्रतच घ्या, मूळ लेखन फार अडखळवतं.

आधी किमती वाचा. मोअरच्या गाजलेल्या भाषणाकडे लगेच धावू नका. प्रवेश सुरू होतो तो बाजारभावाने: हेरिंग मासा, अकरा पेन्सला पौंडभर लोणी, पीठ, बीफ. मग तक्रार येते की परदेशी लोक पार्सनिप नावाचं कंदमूळ घेऊन आले आणि त्याने डोळे बिघडतात. आमच्यातल्या एकीचं माहेर लासलगावचं. ती म्हणाली, “भाव चढला की खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटतंच, हे मला कुणी शिकवायला नको.” जमावाला मूर्ख ठरवून पुढे गेलात तर आजचा मोर्चाही कळणार नाही. त्यांच्या ताटातलं काय कमी झालंय, ते आधी वहीत लिहा.

आता भाषण मोठ्याने वाचा, जमेल तसं मराठीत करत. मोअर जमावाला म्हणतो, डोळ्यांसमोर आणा ही माणसं: पाठीवर लेकरं, अंगावर गाठोडी, बंदराकडे पाय ओढत चाललेली. इथे माझा आवाज थांबला. मे २०२० मध्ये पाथर्डी फाट्याजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर मी पाण्याच्या बाटल्या वाटत होते. तेव्हा अशीच माणसं समोरून गेली होती, उत्तरेकडे.

पण साम्य सापडलं म्हणून वही मिटू नका, खरी मेहनत पुढेच आहे. नाटकात भाषणाने दंगल शमते. इतिहासात मोअरने समजावून पाहिलं, घरांतून दगड आले आणि दंगल पसरली. दंगलीचा म्होरक्या जॉन लिंकनला पुढे मृत्युदंड झाला. शिवाय एडमंड टिल्नी या सरकारी नाट्यपरीक्षकाने हस्तलिखितावर शेरा मारला, की दंगल आणि तिचं कारण पूर्णपणे गाळा. कारणसुद्धा! आणखी एक फरक लिहून ठेवा. मोअरचा आधार राजाज्ञा आणि दया एवढाच आहे: उद्या तुम्हाला हद्दपार केलं तर फ्रान्स, फ्लँडर्स, स्पेन कोण आसरा देईल? आजच्या निर्वासिताच्या हातात १९५१ चा निर्वासितांविषयीचा जिनिव्हा करार आहे. तो दया मागत नाही, हक्क मागतो. बातमीतला वाद नेमका कशावर आहे, दयेवर की हक्कावर, हे शोधा.

दुसऱ्या रविवारी सर्व्हांतेस या स्पॅनिश लेखकाच्या ‘डॉन किहोते’ कादंबरीचा दुसरा भाग घ्या, १६१५ चा, प्रकरण ५४. डॉन किहोतेचा सेवक सांचो, त्याला रस्त्यात रिकोते भेटतो. हा त्याच्याच गावचा दुकानदार, पण मोरिस्को, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या मुस्लिमांच्या वंशातला. १६०९ ते १६१४ मध्ये स्पेनने अशा सुमारे तीन लाख लोकांना देशाबाहेर काढलं. रिकोते जर्मन यात्रेकरूच्या वेषात परत आलाय. तो म्हणतो, राजाने केलं ते योग्यच केलं. आणि त्याच बोलण्यात म्हणतो, कुठेही असलो तरी आम्ही स्पेनसाठी रडतो. ही दोन वाक्यं जुळत नाहीत, तिथे पेन्सिलीने रेघ मारा. त्याला पुरलेलं धन काढायला मदत हवी आहे. सांचो मदत करत नाही, पण चुगलीही करणार नाही म्हणतो. आम्ही एक पूर्ण दुपार सांचोवर भांडलो.

मग थेट प्रकरण ६३ ते ६५ वाचा. रिकोतेला मुलगी सापडते आणि दोघांना स्पेनमध्ये राहू द्यावं म्हणून एकजण दरबारी रदबदली करायची तयारी दाखवतो. परवानगी मिळाली का, ते पुढे शोधत बसू नका. सर्व्हांतेसने ते सांगितलेलंच नाही.